गळका सांधा : ऑइल इंजिनाच्या इंधननळीची देखभाल व दुरुस्ती

गव्हाच्या पिकाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटू लागतात. या अवस्थेतील पाणी चुकले तर फुटव्यांची संख्या घटते आणि पुढे कितीही पाणी दिले तरी ती तूट पुरती भरून निघत नाही. ही गोष्ट बागायतदार शेतकऱ्यांना आता चांगली ठाऊक आहे. म्हणून शेतकरी दंड स्वच्छ करतो, सारे बांधून घेतो, दारे धरायला माणूस उभा करतो आणि विहिरीवर जाऊन इंजिनाला हँडल मारतो. इंजिन दोन फटके देते आणि बंद पडते. पुन्हा हँडल मारावे तर पुन्हा तोच प्रकार. कारागिराला निरोप जातो, तो दोन दिवसांनी येतो आणि पाहणी केल्यावर असे आढळते की, इंजिनात दोष काहीच नाही. दोष आहे तो तेलाच्या नळीवरील एका सांध्यात. तेथील तांब्याचा लहानसा वॉशर, ज्याला खेड्यात वायसर म्हणतात, तो निकामी झालेला असतो. चार-दोन रुपयांच्या वस्तूपायी गव्हाचे मोलाचे पाणी दोन दिवस लांबते.

१९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि त्यानंतरच्या काळात ऑइल इंजिन हे मोटेची जागा घेणारे यंत्र म्हणून महाराष्ट्रातील विहिरींवर परिचित झाले. पुढे विजेचे पंप आले, अलीकडे सौर पंपही आले. तरीही वीज पोहोचत नाही किंवा भरवशाची नाही, अशा ठिकाणी जुने ऑइल इंजिन आजही शेतकऱ्याच्या उपयोगी पडते. असे इंजिन नीट जपले तर दीर्घकाळ चालते. मात्र जपणूक म्हणजे केवळ वंगण बदलणे व धूळ पुसणे नव्हे. इंधननळीचे सांधे कोरडे ठेवणे हे जपणुकीचे महत्त्वाचे अंग होय.

तेलाची वाट

सांध्याची दुरुस्ती करावयाची तर तेल कोणत्या वाटेने जाते हे आधी समजून घेतले पाहिजे. बहुतेक लहान इंजिनांत टाकी उंचावर बसवलेली असते. टाकीखालच्या तोटीतून डिझेल आपल्या वजनाने उतरते, गाळणीत येते, तेथून इंधनपंपात जाते. इंधनपंप ते मोठ्या दाबाने पोलादी नळीतून नोझलकडे ढकलतो आणि नोझल त्याचा बारीक फवारा करून इंजिनाच्या पोटात सोडते. नोझलमध्ये झिरपून उरलेले थोडे डिझेल वेगळ्या बारीक नळीने टाकीकडे किंवा गाळणीकडे परत येते.

या वाटेचे तीन भाग पडतात. टाकीपासून इंधनपंपापर्यंतचा भाग कमी दाबाचा. इंधनपंपापासून नोझलपर्यंतचा भाग अतिशय मोठ्या दाबाचा. नोझलपासून मागे येणारा भाग परतीचा. प्रत्येक भागातील सांध्यांची घडण वेगळी, गळण्याची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. हा भेद न ओळखता सगळ्या सांध्यांना एकच औषध लावले जाते, तेथेच बहुतेक दुरुस्त्या फसतात.

थेंबाचा हिशेब

गळणाऱ्या थेंबाकडे दुर्लक्ष होते याचे कारण तो थेंब लहान दिसतो. त्याचे माप घेणे मात्र सोपे आहे. सांध्याखाली एक वाटी दहा मिनिटे ठेवावी आणि जमलेले तेल औषधाच्या बाटलीवरील खुणांच्या टोपणाने मोजावे. ते टोपण पुन्हा औषधासाठी वापरू नये. समजा, दहा मिनिटांत १० मिलिलिटर तेल जमले. म्हणजे तासाला ६० मिलिलिटर झाले. तोटी रात्रंदिवस उघडी राहिली तर दिवसाला १ लिटर ४४० मिलिलिटर आणि तीस दिवसांत ४३ लिटरांहून अधिक डिझेल मातीत जाते. पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर ताशी सुमारे १ लिटर डिझेल जाळते. म्हणजे एका महिन्यात मातीत गेलेल्या तेलावर इंजिन चाळीस तास चालले असते.

यावर काही शेतकरी म्हणतात की, आम्ही काम संपताच तोटी बंद करतो, मग नुकसान कसले? तोटी बंद करणे ही चांगली सवय आहे, परंतु ती गळतीवरचा उपाय नव्हे. तोटी बंद केल्यावर नळीत उरलेले तेल गळक्या सांध्यातून हळूहळू निथळते आणि त्याची जागा हवा घेते. सकाळी हँडल मारले असता इंधनपंप तेलाऐवजी ती हवा दाबू लागतो. तेल दाबले तरी आकसत नाही, म्हणून त्याचा दाब तत्काळ नोझलपर्यंत पोहोचतो. हवा मात्र दाबली की आकसते. नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही आणि फवारा उडत नाही. यालाच शेतकरी ‘इंजिनाने हवा धरली’ असे म्हणतात. ज्या सांध्यातून रात्री तेल बाहेर पडते, त्याच सांध्यातून हवा आत शिरते, हे ध्यानात ठेवावे.

पाण्याची हानी याहून गंभीर आहे. पुष्कळ ठिकाणी इंजिन विहिरीच्या काठाला अगदी लागून किंवा विहिरीतील टप्प्यावर बसवलेले असते. डिझेल पाण्याहून हलके असल्याने ते विहिरीतील पाण्यावर तवंग धरते. त्याच विहिरीचे पाणी घरात पिण्यासाठी व गोठ्यात जनावरांसाठी जात असेल, तर गळका सांधा हा केवळ पैशाचा प्रश्न राहत नाही.

सांधा का गळतो?

सांधा गळू लागला की पाना घेऊन नट आवळणे हा सर्वत्र रूढ झालेला उपाय आहे. नट खरोखर सैल झाला असेल तर तो लागू पडतो. एरवी त्याने नुकसानच होते. तेल अडते ते आट्यांनी नव्हे. तेल अडते ते दोन स्वच्छ, सपाट पृष्ठभाग एकमेकांवर घट्ट बसल्यामुळे, किंवा त्यांच्यामधील मऊ वॉशरने बारीक खाचा भरून काढल्यामुळे. या बसण्याला ‘बैठक’ म्हणावे. नटाचे काम बैठक जागच्या जागी दाबून धरण्याचे आहे. बैठकच बिघडली असेल तर कितीही आवळले तरी तेल गळणारच. उलट आटे तुटतात, पोकळ बोल्ट चिरतो, नळीचे तोंड फाटते आणि लहान दुरुस्तीची मोठी दुरुस्ती होते.

बैठक बिघडण्याची नेहमीची कारणे अशी आहेत. जुना, कडक झालेला वॉशर पुन्हा बसवणे. सांधा जोडताना धुळीचा कण किंवा चिंधीचा धागा मध्ये राहणे. नळी वाकडी असताना ओढूनताणून नट लावणे. आणि इंजिनाचा हादरा. शेवटचे कारण सहसा ध्यानात येत नाही. पायाचे बोल्ट सैल असले किंवा नळीला धरून ठेवणारी पट्टी निघून गेलेली असली, तर नळी सतत थरथरते आणि नवा सांधाही थोड्याच दिवसांत सैल पडतो. म्हणून एकच सांधा वारंवार गळत असेल तर आधी इंजिनाचा पाया व नळीच्या पट्ट्या तपासाव्यात.

गळतीचे ठिकाण शोधणे

थेंब जेथून खाली पडतो तेथेच गळती असते असे नाही. तेल नळीच्या अंगाने ओघळत जाते आणि सर्वांत खालच्या ठिकाणी थेंब धरते. म्हणून प्रथम इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. टाकीपासून नोझलपर्यंत सर्व सांधे कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावेत. नंतर सांध्यांवर बाहेरून खडूची बारीक पूड हलकेच लावावी. जेथे गळती असेल तेथे पांढरी पूड प्रथम ओली व काळपट होते. राख किंवा माती या कामासाठी वापरू नये, कारण तिचे खरखरीत कण आत गेल्यास इंधनपंप झिजतो. तपासणी झाल्यावर आणि कोणताही सांधा उघडण्यापूर्वी खडूची पूडही पुसून टाकावी.

आता तोटी उघडावी, पण इंजिन चालू करू नये. अर्ध्या तासात एखादा सांधा ओला झाला तर दोष टाकी व इंधनपंप यांच्यामध्ये आहे. सर्व सांधे कोरडे राहिले आणि इंजिन चालू केल्यावरच ओल दिसू लागली, तर दोष मोठ्या दाबाच्या किंवा परतीच्या नळीत आहे. एवढ्या साध्या परीक्षेने अर्धे काम होते.

मोठ्या दाबाच्या नळीबाबत एक धोका सर्वांना स्पष्टपणे सांगितला पाहिजे. चालू इंजिनाच्या या नळीवरून गळती शोधण्यासाठी हात किंवा बोट कदापि फिरवू नये. तेथील बारीक फवारा कातडी भेदून आत शिरू शकतो. जखम टाचणी टोचल्याएवढीच दिसते, दुखणेही आरंभी थोडेच असते; परंतु आत गेलेले डिझेल मांस नासवते आणि उपचारास उशीर झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. असे घडल्यास घरगुती उपाय न करता रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि दाबाखालचे डिझेल कातडीत शिरले आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. फवारा पाहावयाचा असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा. पुठ्ठ्यावर ओला डाग उमटतो.

पूर्वतयारी

दुरुस्तीसाठी फार अवजारे लागत नाहीत. नटाच्या मापाचे दोन पाने, एक पसरट भांडे, स्वच्छ सुती कापड, थोडे स्वच्छ डिझेल, त्याच मापाचे नवे वॉशर आणि कोरड्या वाळूची एक बादली एवढे साहित्य पुरेसे आहे. दोन पाने सांगण्याचे कारण असे की, एकाने सांध्याचा मागचा भाग धरून ठेवावा व दुसऱ्याने नट फिरवावा. एकाच पान्याने जोर लावल्यास संपूर्ण नळी पिळली जाते. मापात न बसणारा पाना किंवा पक्कड वापरल्यास नटाचे कोपरे झिजतात आणि पुढे तो नट कोणाच्याच हाती लागत नाही.

काम थंड इंजिनावर, दिवसाउजेडी करावे. जवळपास विडी, कंदील किंवा चूल असू नये. डिझेल पेट्रोलसारखे सहज पेट घेत नाही हे खरे. परंतु तापलेल्या धुरांड्यावर ठिबकलेले डिझेल किंवा डिझेलने भिजलेली चिंधी पेटू शकते. आग लागल्यास पाणी न ओतता वाळू टाकावी. पाण्यावर पेटते तेल तरंगत पसरते.

सांध्याच्या प्रकाराप्रमाणे उपाय

पहिला प्रकार पोकळ बोल्टच्या सांध्याचा. यात नळीच्या टोकाला कडे असते, त्या कड्यातून पोकळ बोल्ट जातो आणि कड्याच्या दोन्ही बाजूंस एकेक वॉशर असतो. तोटी बंद करून खाली भांडे ठेवावे व बोल्ट काढावा. दोन्ही वॉशर काढून टाकावेत. एकच बदलून भागत नाही. जुना वॉशर कड्याला किंवा बैठकीला चिकटून राहिला नाही ना, हे पाहावे. तसा तो राहिला आणि त्यावर नवा चढला तर सांधा कधीच धरणार नाही. बैठकीचे पृष्ठभाग स्वच्छ डिझेलने धुवावेत आणि उजेडाकडे धरून त्यांवर ओरखडे आहेत का ते पाहावे. नवे वॉशर आतील माप व जाडी जुळवूनच घ्यावेत.

नवा तांब्याचा वॉशर मिळत नसेल आणि जुना फाटलेला किंवा खाच पडलेला नसेल, तर तो मऊ करून पुन्हा वापरता येतो. तांबे दाबाने व ठोक्यांनी कडक होते आणि तापवले की पुन्हा मऊ होते. तांबट भांडे घडवताना ते मधूनमधून भट्टीत तापवतो ते याच कारणासाठी. वॉशर तारेत ओवून, इंजिनापासून व तेलापासून दूर, मंद लाल होईपर्यंत तापवावा आणि पाण्यात बुडवावा. पोलाद असे बुडवल्यास कडक होते, तांबे मात्र मऊच राहते. नंतर त्यावरील काळी पापडी पूर्णपणे काढावी. सपाट काचेवर बारीक पॉलिश कागद ठेवून त्यावर वॉशर हलक्या हाताने घासला म्हणजे दोन्ही बाजू सपाट होतात. ही युक्ती फक्त तांब्याच्या वॉशरसाठी आहे. ॲल्युमिनियमचे किंवा फायबरचे वॉशर नेहमी नवेच घालावेत.

दुसरा प्रकार फुलवलेल्या तोंडाच्या किंवा पितळी कड्याच्या सांध्याचा. यात नळीचे तोंड फुलवलेले असते, अथवा नळीवर निमुळते पितळी कडे बसवलेले असते, आणि नट ते बैठकीवर दाबतो. नट सोडून नळीचे टोक पाहावे. तोंडाला चीर असेल, ते एका बाजूला चपटले असेल किंवा कडे सैल असेल, तर आवळण्याने लाभ नाही. नळीला लांबी शिल्लक असल्यास खराब टोक कापून, कडा घासून, नवे तोंड फुलवून घ्यावे. हे काम त्यासाठीचे अवजार असलेल्या कारागिराकडूनच करवावे. नट आधी नळीत ओवावा व मगच तोंड फुलवावे, ही साधी गोष्ट घाईत विसरली जाते आणि केलेले तोंड पुन्हा कापावे लागते. कापताना पडलेला कीस नळीतून धुऊन काढावा.

तिसरा प्रकार रबरी नळीचा. पुष्कळ ठिकाणी तांब्याची नळी तुटल्यावर पाण्याची साधी रबरी किंवा प्लॅस्टिकची नळी जोडून तारेने बांधलेली आढळते. पाण्याच्या नळीला डिझेल मानवत नाही. ती फुगते, मऊ पडते, तिचे तुकडे सुटून गाळणीत अडकतात. बांधलेली तार तिला कापते. डिझेलसाठी म्हणून विकली जाणारी नळीच घ्यावी व मापाच्या क्लिपाने धरावी. टोकाशी चिरलेली पण अन्यथा चांगली नळी दोन-तीन सेंटिमीटर कापून पुन्हा बसवता येते. मात्र त्यामुळे ती ताणली जाता कामा नये.

चौथा प्रकार मोठ्या दाबाच्या पोलादी नळीचा. हिच्या दोन्ही टोकांना कोनाकृती तोंड असते व मध्ये वॉशर नसतो. येथे गळती असल्यास दोन्ही टोकांचे नट सैल करावेत, तोंडे धुवावीत, नळी कोणताही ताण न देता हाताने बैठकीवर बसवावी आणि मग दोन्ही नट आळीपाळीने आवळावेत. एवढ्याने गळती थांबली नाही तर नळी बदलावी. तिला डाख देणे, ठोकणे किंवा दोरा गुंडाळणे व्यर्थ व धोक्याचे आहे.

चारही प्रकारांत एक नियम समान आहे. नट किंवा बोल्ट प्रथम बोटांनी दोन-तीन फेरे फिरवावा. तो बोटांनी सहज फिरत नसेल तर आटे तिरपे लागले आहेत, असे समजून काढून पुन्हा लावावा. पान्याचा उपयोग शेवटच्या आवळण्यापुरताच करावा. दुरुस्ती चालू असताना उघडी राहिलेली तोंडे स्वच्छ प्लॅस्टिकने झाकावीत. इंधनपंपाचा दट्ट्या व त्याचे घर यांतील फट माणसाच्या केसाच्या जाडीच्या मानाने अत्यल्प असते. तेथे धुळीचा कणही मोठा ठरतो.

हवा काढणे

सांधा उघडला की नळीत हवा शिरतेच. म्हणून दुरुस्तीनंतर हवा काढल्याखेरीज इंजिन चालू होण्याची अपेक्षा करू नये. टाकीत पुरेसे डिझेल भरून तोटी उघडावी. प्रथम गाळणीवरील हवेचा स्क्रू सैल करावा. फेसाळ तेल येईल, मग बुडबुडे थांबतील, तेव्हा तो आवळावा. त्यानंतर इंधनपंपावरील स्क्रूने हीच क्रिया करावी. शेवटी नोझलकडील नट अर्धा फेरा सैल करून त्यावर कापड धरावे, चेहरा दूर ठेवावा, दाब मोकळा करण्याचा खटका उचलून हँडल सावकाश फिरवावे आणि बुडबुड्यांविना तेल येऊ लागताच नट आवळावा. यापुढे हँडल फिरवताना नोझलचा ‘कट्‌ कट्‌’ असा आवाज ऐकू आला म्हणजे हवा निघाली, असे समजावे. क्रम टाकीकडून नोझलकडे असाच ठेवावा. उलट क्रमाने केल्यास मागची हवा पुढे येत राहते.

इंजिन सुरू झाल्यावर दहा मिनिटे सांध्यांवर लक्ष ठेवावे. इंजिन गरम होऊन पुन्हा थंड झाल्यावर तांब्याचे वॉशर किंचित बसतात. तेव्हा इंजिन बंद असताना पान्याने हलकी चाचणी घ्यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी सांध्याखाली अंथरलेला कागद कोरडा निघाला तरच दुरुस्ती पूर्ण झाली.

ट्रॅक्टर व जुनी जीप

ट्रॅक्टरमध्ये टाकीतून तेल खेचून गाळणीकडे पाठवणारा एक वेगळा लहान पंप बहुधा असतो. टाकी व हा पंप यांच्यामधील नळी ओढीखाली असते. तेथील सांधा सैल असला तरी तो ठिबकेलच असे नाही. इंजिन चालू असताना तो गुपचूप हवा ओढतो. ट्रॅक्टर नांगरताना मध्येच गुदमरतो, वेग सोडतो, थोडे थांबल्यावर पुन्हा चालतो. बाहेर सर्व कोरडे असल्याने दोष नोझलमध्ये किंवा पंपात शोधला जातो आणि खर्च होतो. जुन्या ट्रॅक्टरच्या गाळणीला काचेचा पेला असल्यास त्यात पाहावे. इंजिन चालू असताना त्यात बुडबुडे दिसले तर टाकीकडील सांधे व त्या पेल्याखालची बुचाची किंवा रबराची चकती तपासावी. ठिबकणारा सांधा आपला दोष दाखवून तरी देतो. ओढीखालचा सांधा तो लपवतो.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर विकास गटाची जीप खेडोपाडी ओळखीची झाली. त्या पिढीच्या पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या जीपगाड्या व मोटारी कोणी हौसेने जपल्या असतील, तर त्यांच्या सांध्यांनाही वरील नियम लागू पडतात. पण पेट्रोलचा धोका फार मोठा असतो. पेट्रोलची वाफ साध्या हवामानातच ठिणगीने पेटते, आणि ती हवेहून जड असल्याने खड्ड्यात व बंद खोलीत साचते. म्हणून हे काम उघड्यावर, इंजिन थंड असताना आणि बॅटरीची तार सोडूनच करावे. शिवाय २०२५ पर्यंत देशभरातील पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले आहे. जुन्या काळच्या रबरी नळ्या व चकत्या इथेनॉलला टिकतील असा भरवसा नाही. त्या फुगतात वा चिरतात. अशा गाड्यांच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारच्या घालणे हीच खरी दुरुस्ती होय.

टाळावयाचे उपाय

काही उपाय परंपरेने चालत आले आहेत. त्यांची पारख करणे आवश्यक आहे. सांध्याच्या आट्यांवर सुतळी, काथ्या किंवा नळकामाची पांढरी फीत गुंडाळतात. वर सांगितल्याप्रमाणे येथे तेल आट्यांनी अडत नाही, त्यामुळे लाभ होत नाही. मात्र फितीचा तुकडा सुटून नोझलचे भोक बुजवू शकतो. सांध्याभोवती लांबी थापल्यास गळती काही दिवस झाकते, पण पुढे तो सांधा उघडणे अवघड होते. टाकीच्या जोडावर कोरडा साबण घासून ऐनवेळी एक रात्र निभावता येते, कारण डिझेलमध्ये साबण सहज विरघळत नाही. परंतु हा उपाय रात्रीपुरताच. दाबाच्या नळीवर त्याचा काहीच उपयोग नाही.

गळक्या टाकीला घरी डाख देण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. रिकामी टाकी निर्धोक वाटते, परंतु तिच्यात राहिलेली वाफ तापवल्यास स्फोट होऊ शकतो. टाकी शास्त्रशुद्ध रीतीने धुऊन जोडणाऱ्या कारखान्याकडेच ती द्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

हा विषय भाषणाने पटण्यासारखा नाही. तो प्रात्यक्षिकाने पटतो. कार्यकर्त्यांनी रब्बी हंगामाचे पहिले पाणी सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी एखाद्या सोयीच्या विहिरीवर शेजारच्या आठ-दहा इंजिनधारकांना बोलवावे. प्रथम गळता थेंब वाटीत धरून मोजून दाखवावा आणि महिन्याचा हिशेब शेतकऱ्यांकडूनच करवावा. मग एक सांधा उघडून जुना वॉशर हातोहाती फिरवावा. त्यावरची खाच प्रत्येकाने नखाने चाचपून पाहावी. नवा वॉशर बसवून हवा काढण्याचे काम एखाद्या शेतकऱ्याच्याच हातून करवावे. जो एकदा स्वतः हवा काढतो, तो पुढे कारागिराची वाट पाहत बसत नाही. मोठ्या दाबाच्या फवाऱ्याचा धोका मात्र केवळ तोंडी सांगावा. तो करून दाखवण्याची गोष्ट नव्हे.

प्रत्येक इंजिनधारकाने आपल्या इंजिनाला लागणाऱ्या मापाचे चार-सहा वॉशर, एक क्लिप आणि दोन पाने एका डब्यात घालून तो डबा इंजिनाजवळच ठेवावा. सांडलेले डिझेल वाळू किंवा लाकडाच्या भुशाने टिपून घ्यावे. ते विहिरीकडे किंवा पाटाकडे धुऊन लावू नये. टिपलेला भुसा चुलीत घालू नये.

शेतीत यंत्र आले म्हणजे कष्ट कमी होतात, पण लक्ष कमी करून चालत नाही. बैलाच्या खांद्यावरचे आवाळू वेळीच पाहणारा शेतकरी इंजिनाच्या सांध्यावरची ओलही वेळीच पाहू शकतो. हंगामापूर्वी अर्धा दिवस देऊन सर्व सांधे कोरडे करून घेतले, तर मुकुटमुळांच्या वेळी गव्हाला पाणी मिळेल, विहिरीचे पाणी स्वच्छ राहील आणि विकत घेतलेले डिझेल मातीत न जाता पिकाच्या कामी येईल.